प्रार्थना करत थांबायचं की कामाला लागायचं? (निमित्त: मंडळीची अभ्यासिका)

गंगापूररोडकर

सर्वांना सलाम. आमच्या मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) सध्या एका विषयावरून दोन तट पडलेत. इथे वेगवेगळ्या मंडळ्यांतले लोक आहेत, म्हणून धागा काढतोय.

चर्चच्या मागचा हॉल रविवार आणि महिला मंडळाचा दिवस सोडला तर कुलूपबंद असतो. आसपासच्या वस्तीत दहावी-बारावीची आणि स्पर्धा परीक्षेची बरीच मुलं आहेत. घर एका खोलीचं, त्यातच टीव्ही, त्यातच आजारी आजी. रात्री अभ्यासाला बसायचं कुठे? तरुण संघाने सुचवलं की हॉलमध्ये अभ्यासिका सुरू करू. कल्पना सगळ्यांना आवडली. अडलंय ते पुढच्या पायरीवर.

निम्मे म्हणतात, आधी उपास-प्रार्थना करू, पैशांची गरज फक्त देवाला सांगू, माणसांपुढे हात पसरायचा नाही. बाकीचे म्हणतात, आधी खर्चाचा अंदाज काढा, विजेचा लोड तपासा, विश्वस्तांची लेखी परवानगी घ्या, रात्री हॉल कोण उघडणार आणि कोण बंद करणार ते ठरवा, प्रार्थना काय चालूच आहे. आता तर पहिल्यांना भाबडे आणि दुसऱ्यांना अविश्वासू म्हणण्यापर्यंत मजल गेली आहे.

मला वाटतं चूक दोन्हीकडे एकच होतेय. प्रार्थना आणि योजना यांना रांगेत उभं केलंय, एक संपली की दुसरी सुरू. बायबलमधलं नहेम्याचं पुस्तक पुन्हा नीट वाचलं तेव्हा हे जास्त जाणवलं. यरुशलेमेची तटबंदी पडली आहे ही बातमी इराणच्या राजाच्या पदरी असलेल्या नहेम्याला किस्लेव महिन्यात कळते. तो रडतो, उपास करतो, प्रार्थना करतो. राजापुढे विषय निघतो तो नीसान महिन्यात, म्हणजे मध्ये चारेक महिने जातात. राजा विचारतो, तुला काय हवं? तिथे एक ओळ आहे, त्याने स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली आणि मग राजाला उत्तर दिलं. राजा समोर बसलेला असताना प्रार्थना! आणि उत्तर किती तयारीचं बघा. किती दिवस लागतील ते सांगतो. नदीपलीकडच्या सुभेदारांसाठी पत्रं मागतो. राजाच्या वनाचा अधिकारी आसाफ याच्या नावे लाकडाचं पत्र मागतो, आणि लाकूड कशाकशाला लागेल तेही सांगतो: वेशींना, तटाला आणि स्वतःच्या राहत्या घराला.

हे सगळं त्याला राजापुढे उभं असताना अचानक सुचलं असेल का? मला नाही वाटत. त्या चार महिन्यांत तो गुडघ्यांवर असतानाच लाकडाचा हिशेब त्याच्या मनात तयार होत गेला असावा. म्हणजे त्याची योजना प्रार्थनेच्या पोटातून आली. पुढे यरुशलेमेत पोचल्यावर कोणाला न सांगता रात्री उठून पडक्या तटाची पाहणी करतो. तिसऱ्या अध्यायात तटाचा कोणता तुकडा कोणाकडे याची लांबलचक यादी आहे, त्यात बरेच जण आपापल्या घरासमोरचा तुकडा बांधतात. चौथ्या अध्यायात हल्ल्याची भीती निर्माण होते तेव्हा एकाच वचनात दोन्ही आहे: आम्ही देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा ठेवला. काम ५२ दिवसांत पुरं.

तुम्ही घरात, नोकरीत, मंडळीत हे कसं करता? वचनं सांगा, पण अनुभवही सांगा.

ओझर_टाऊनशिप

लूक १४:२८. बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्चाचा अंदाज करणार नाही असा तुमच्यात कोण आहे, असं प्रभूनेच विचारलंय. पाया घालून पैसे संपले तर लोक हसतात हेही तिथेच आहे. 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' ही वृत्ती ख्रिस्ती नाही. आधी बजेट करा.

जेलरोडकर ताई

ओझरवाले दादा, वचन बरोबर आहे. पण आपल्या शहरी मंडळ्यांचं दुखणं मला उलटं वाटतं. बजेट करायला आम्ही चुकत नाही, विचारायला चुकतो.

मी बरीच वर्षं कमिटीत आहे. बैठक सुरू होते तेव्हा कोणीतरी प्रार्थना करतं, जेमतेम मिनिटभर. मग दोन तास चर्चा. शेवटी आणखी एक मिनिट, ठरलेल्या गोष्टींवर आशीर्वाद मागायला. म्हणजे निर्णय आपला आणि सही देवाची. यहोशवाच्या ९ व्या अध्यायात हेच घडलं. शेजारचेच गिबोनी लोक फाटके जोडे, जुने बुधले आणि बुरसटलेली भाकर घेऊन आले, आम्ही फार लांबून आलोय म्हणाले. इस्राएलांनी भाकर तपासली, पुरावा पाहिला, तर्क लावला आणि करार करून टाकला. परमेश्वराला मात्र विचारलं नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. पुरावा तपासणाऱ्यांचीच फसगत झाली.

दुसरं उदाहरण दावीद राजाचं, २ शमुवेल ५. पलिष्टी रेफाईमच्या खोऱ्यात पसरले. दावीदाने विचारलं, चढाई करू का? उत्तर आलं, कर. जिंकला. पुढच्या वेळी तेच शत्रू, तेच खोरं. आपण असतो तर गेल्या वेळची फाइल काढली असती. त्याने पुन्हा विचारलं आणि या वेळी उत्तर वेगळं आलं: समोरून जाऊ नकोस, वळसा घालून मागून जा, झाडांच्या शेंड्यांवर पावलांचा आवाज येईल तेव्हा उठ. गेल्या वर्षी चाललेली योजना या वर्षी चालेलच असं नाही, हे कळायला विचारावं लागतं.

आणि प्रभूचं स्वतःचं उदाहरण, मार्क १. कफर्णहूमात सगळं गाव दाराशी लोटलं, कितीतरी लोक बरे झाले. दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारातच तो एकान्तात जाऊन प्रार्थना करतो. पेत्र शोधत येतो, सगळे तुम्हाला शोधताहेत म्हणतो. कोणत्याही व्यवस्थापकाने सांगितलं असतं की मागणी इथे आहे, इथेच थांबा. प्रभू म्हणतो, आपण दुसऱ्या गावांना जाऊ. प्रार्थनेतून उठताना तो वेगळी दिशा घेऊन उठला. आपल्या प्रार्थनेनंतर आपला बेत कधी एवढा बदललाय का? हा प्रश्न मी कमिटीत विचारते, तेव्हा सगळे गप्प होतात.

तेव्हा गंगापूररोडकर दादा, बजेट जरूर करा, पण तो कागद देवापुढे ठेवताना त्यातलं काहीही खोडायला तयार राहा. अभ्यासिकेची वेळ, जागा, कदाचित अभ्यासिका ही कल्पनासुद्धा.

निफाडचा बागायतदार

ताईंचं पटलं. शेतकऱ्याचं सांगतो.

आमच्याकडं द्राक्षाच्या वर्षाला दोन छाटण्या. एप्रिलात खरड, ऑक्टोबरात गोडी. गोडी छाटणीला पेठ-सुरगाण्याकडची टोळी येते. पहिल्या ओळीत आई उभी राहून प्रार्थना करते, टोळीतली माणसं पण टोपी काढून उभी राहतात. मग कात्री चालते. वडिलांच्या काळापासून असंच आहे.

पण प्रार्थना केली म्हणून डाऊनी, म्हणजे बुरशीचा रोग, येत नाही असं नाही. बाग फुलोऱ्यात असताना ढग आले, दोन दिवस रिपरिप झाली, पानं वाळली नाहीत, की समजायचं. पानावर आधी तेलाचा थेंब पडल्यागत पिवळा डाग दिसतो. उलटं करून बघावं तर खालून पांढरी बुरशी. घडात घुसली तर घड काळा पडून कुजतो, वर्षाचा पैसा गेला. म्हणून औषध आधी आणून ठेवायचं, ट्रॅक्टरचा ब्लोअर तपासून ठेवायचा, आणि पाऊस उघडला की रात्र असो का पहाट, फवारणीला निघायचं. त्या वेळी घरात बसून प्रार्थना करणारा शेतकरी मी बघितला नाही. फवारताना तोंडाने करतो, ती वेगळी.

आता दुसरी बाजू. सगळं वेळेवर केलं, शेड्यूल पाळलं, माल काढणीला आला, व्यापाऱ्याशी भाव ठरला, आणि संध्याकाळी गारपीट. दहा मिनिटांत मणी तडकले, तारा लोंबल्या. पीक विमा आहे, आता काही जण प्लॅस्टिकचं आच्छादन टाकतात, पण खर्च सगळ्यांना झेपत नाही. अशा वेळी माणूस कशाला धरून उभा राहतो? आमच्या भागात या दिवसांत कर्जापायी खचलेली घरं मी बघितलीत. योजनेवरच सगळा जीव टांगलेला असला तर गारपिटीनं योजना जाते आणि माणूस पण जातो. प्रार्थना करणाऱ्याचं नुकसान कमी होत नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो बागेत जाऊन तुटलेल्या काड्या उचलू शकतो, कारण त्याचा आधार बागेत नव्हता.

याकोबाच्या पत्रात चौथ्या अध्यायात व्यापाऱ्यांना सांगितलंय, अमुक गावी जाऊ, वर्षभर राहू, नफा कमावू असं बोलता, पण उद्याचं तुम्हाला काय माहीत? प्रभूची इच्छा असेल तर जगू आणि हे करू, असं म्हणा. लोक यातलं पहिलंच वाचतात. 'हे करू' पण लिहिलंय. काही करू नका असं नाही म्हटलं.

रात्रपाळी

मी नर्स आहे. या धाग्यावर एक गोष्ट लिहिलीच पाहिजे, कारण इथे जीव जातो.

मधुमेहाचे रुग्ण. कुठल्यातरी सभेत प्रार्थना होते, तुम्ही बरे झालात असं सांगितलं जातं, घरी येऊन गोळ्या किंवा इन्सुलिन बंद. मला अशा एक मावशी आठवतात. पायाच्या अंगठ्याला चपलेचा फोड, साधा. पायाला संवेदना नसल्यामुळे दुखत नव्हतं, आणि दुखत नाही म्हणजे देवाने बरं केलं असं घरच्यांनी धरलं. दवाखान्यात आणलं तेव्हा वास येत होता आणि काळेपणा वर चढला होता. पाऊल गेलं. सगळ्यात वाईट म्हणजे त्या स्वतःला दोष देत होत्या, माझाच विश्वास कमी पडला म्हणून. त्यांना तसं वाटायला लावणाऱ्यांपैकी कोणीही ड्रेसिंगच्या वेळी शेजारी नव्हतं.

२ राजे २० वाचा. हिज्कीया राजा मरायला टेकला आहे, भिंतीकडे तोंड करून रडत प्रार्थना करतो. देव म्हणतो, तुझी प्रार्थना ऐकली, अजून १५ वर्षं देतो. वचन मिळालं, तारीखसुद्धा मिळाली. तरी यशया संदेष्टा लगेच सांगतो, अंजिरांचा लेप आणा आणि गळवावर बांधा. लेप बांधल्याने देवावरचा विश्वास कमी झाला असं तिथे कोणी म्हणत नाही. पौलाचा सोबती लूक वैद्य होता. आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्या पोटदुखीवर पौलाने सल्ला दिला तो थोडा द्राक्षारस घेण्याचा.

मी वॉर्डात प्रार्थना करते. सलाईन लावताना, पेशंटचा हात धरून, मनातल्या मनात. पण डोस दोनदा तपासते. कृपा करून आपापल्या मंडळीत हे व्यासपीठावरून सांगा: औषध बंद करायचा निर्णय फक्त डॉक्टरांशी बोलून.

देवळाली कॅम्प

रात्रपाळी ताई, आमेन. आमच्या पाळक साहेबांना हे वाचून दाखवतो.

एक शंका. गंगापूररोडकरांच्या मंडळीतले 'माणसांकडे मागायचं नाही' म्हणणारे लोक बहुतेक जॉर्ज म्युलरचं उदाहरण देत असतील. त्यांनी खरंच कोणाकडे मागितलं नाही आणि हजारो अनाथ मुलं सांभाळली. मग त्याचं काय?

शरणपूरचा जुना

म्युलरसाहेबांचा विषय निघाला म्हणून लिहितो, जरा लांबेल.

इंग्लंडात ब्रिस्टल शहरात त्यांनी १८३६ मध्ये अनाथगृह सुरू केलं आणि आयुष्यभरात दहा हजारांवर मुलं सांभाळली. गरज माणसांना न सांगता देवाला सांगायची हा त्यांचा नेम होता, हे खरं. परंतु तेवढंच सांगणं म्हणजे अर्धी साक्ष. आलेल्या प्रत्येक देणगीची ते क्रमांक घालून पावती देत. दरवर्षी हिशेब छापून प्रसिद्ध करत. कर्ज काढायचं नाही हा नियम त्यांनी मोडला नाही. पैसे हातात येईपर्यंत नव्या इमारतीचं काम सुरू करत नसत. मागायचं नाही म्हणणाऱ्या बांधवांनी ही शिस्त आधी उचलावी. वही नाही, पावती नाही, आणि वर विश्वासाने चालतो म्हणायचं, हे म्युलरांच्या नावावर खपवू नये. आपल्याकडे तर मंडळ्यांच्या मालमत्ता सार्वजनिक विश्वस्त संस्थांच्या ताब्यात असतात, हिशेब आणि ऑडिट कायद्यानेही बंधनकारक आहे.

आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. म्युलरांच्या कार्याची त्यांच्यावर छाप होती. त्यांच्या केडगावच्या मुक्ती सदनातली १९०५ ची आध्यात्मिक जागृती सर्वांना ठाऊक आहे, शेकडो मुली तासन्‌तास प्रार्थनेत. त्याआधीचं मात्र कोणी सांगत नाही. बाईंनी विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनाला अमेरिकेतून मिळणारी मदत दहा वर्षांच्या बोलीची होती. ती मुदत संपल्यावर काय, याचा विचार करून बाईंनी केडगावला जमीन घेऊन फळबाग लावायला घेतली. म्हणजे उत्पन्नाची तजवीज. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेगचे निर्बंध, तिथे ठेवता येईनात. ठेवल्या कुठे? केडगावच्या त्याच जमिनीवर. बागेसाठी घेतलेली जमीन मुक्ती सदन झाली. योजना बाईंची होती, तिचा उपयोग देवाने भलत्याच कामाला केला. पुढे तिथे विहिरी, शेती, विणकाम, छापखाना उभा राहिला. प्रार्थना करणाऱ्या मुलींना टाइप जुळवता येत होते.

आता आमच्या नाशिकच्या शरणपुराचं. १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने ही वसाहत केली. विल्यम साल्टर प्राइस हे मिशनरी तिचे प्रमुख. ब्रिटिश आरमाराने गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईला आणली जात, त्यांतली बरीच इथे पाठवली. त्यांना वाचन-लेखन, उपासना आणि सोबत सुतारकाम-लोहारकामासारखे हातचे धंदे शिकवले गेले. त्यांच्यातलाच एक जेकब वेनराइट. मिशनरी आणि प्रवासी संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८७३ मध्ये आफ्रिकेच्या आतल्या भागात वारले तेव्हा तो तिथल्या तुकडीत होता. तिथे काय झालं ते पाहा. लिव्हिंग्स्टनसाहेबांचं काळीज झाडाखाली पुरलं आणि वेनराइटने दफनविधीची प्रार्थना वाचली. त्याच झाडावर त्याने साहेबांचं नाव कोरलं. देहाला मीठ लावून तो उन्हात वाळवला, झाडाच्या सालीत आणि शिडाच्या कापडात गुंडाळला, आणि साहेबांचे जुने सेवक सुसी व चुमा यांच्या पुढारीपणाखाली ती माणसं जवळजवळ नऊ महिने चालत किनाऱ्याला आली. १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेत दफन झालं, वेनराइट शवपेटीसोबत होता. नाशकात शिकलेला मुलगा. प्रार्थना कशी वाचायची हे त्याला इथे शिकवलं होतं आणि हातात हत्यार कसं धरायचं हेही. शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्या आपल्या पोरांना हे माहीत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

अभ्यासिका कराच. जमल्यास तिच्या भिंतीवर ही हकिकत लावा.

नाशिकरोड_परीश

आम्ही कॅथलिक, पण विषय तोच. फेब्रुवारीत बाळ येशूची यात्रा असते, महाराष्ट्रातूनच नाही तर बाहेरूनही लोक येतात. यात्रेआधी नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, चालू असते, आणि त्याच दिवसांत स्वयंसेवक रांगांचे बांबू, पिण्याचं पाणी, शौचालयं, पार्किंग, हरवलेल्या मुलांचा माइक यांच्या मागे धावत असतात. मिस्साला बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला चक्कर आली तर रुग्णवाहिका कुठल्या फाटकाने येणार हे ठरवून ठेवणं हीसुद्धा मला भक्तीच वाटते.

संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात मठवासीयांसाठी लिहिलेल्या नियमात दिवसाच्या वेळा बांधून दिल्यात: प्रार्थना, हाताचं काम, वाचन. आळस हा आत्म्याचा शत्रू आहे असं तो लिहितो. आणि प्रार्थनेची घंटा झाली की हातातलं काम तसंच ठेवून निघायचं, हेही लिहितो. हे दुसरं मला जास्त कठीण जातं.

सातपूर_एमआयडीसी

धागा वाचतोय. थोडं खाजगी आहे पण विचारतो. माझा धाकटा भाऊ कंपनीत पर्मनंट आहे. म्हणतो, देवाने मला सांगितलं की नोकरी सोडून पूर्णवेळ सेवा कर. घराचं कर्ज चालू, वहिनी गरोदर, आई माझ्याकडे-त्याच्याकडे असते. काही बोललं की 'दादा, तू देहाचा विचार करतोस' म्हणतो. पुढच्या महिन्यात राजीनामा देणार आहे. मी काय करू? देवाचं बोलावणं खरं असेल तर अडवणाराही व्हायचं नाही.

गंगापूररोडकर

दादा, प्रश्न मोठा आहे. माझं मत लिहितो, बाकीच्यांनी भर घालावी.

'देवाने मला सांगितलं' हे वाक्य बोलणं तिथेच बंद करतं, म्हणून ते फार जपून वापरायला हवं. प्रेषितांची कृत्ये १३ मध्ये बर्णबा आणि पौल यांना बोलावणं आलं तेव्हा ते एकट्याला रात्री ऐकू आलं नाही. अंत्युखियाची मंडळी सेवा आणि उपास करत असताना आत्मा बोलला, मंडळीने पुन्हा उपास-प्रार्थना केली, हात ठेवले आणि पाठवलं. तुमच्या भावाला विचारा: तुझ्या पाळकांना हे सांगितलंस का? मंडळी पाठवते आहे का? वहिनीने तुझ्याबरोबर प्रार्थना केली का, आणि तिला काय वाटतं? हे अविश्वासाचे प्रश्न नाहीत, अंत्युखियात हेच झालं होतं. शिवाय पौल करिंथात तंबू शिवत होता, १८ वा अध्याय. हाताने काम करत सेवा करणं हलकं आहे असं त्याने मानलं नाही.

आणि २७ वा अध्याय दोघांनी मिळून वाचा, माझ्या मते सगळ्या बायबलमध्ये या विषयावर इतकं उघड दुसरं कुठे नाही. पौलाचं जहाज वादळात. देवदूत पौलाला सांगतो, तुझ्याबरोबरच्या सगळ्यांचे प्राण वाचतील. पौल ते सगळ्यांना जाहीर करतो. जहाजावर २७६ माणसं. मग खलाशी होडी सोडून गुपचूप पळायला बघतात, तर तोच पौल शताधिपतीला (रोमी सैन्याच्या अधिकाऱ्याला) म्हणतो, हे जहाजावर राहिले नाहीत तर तुम्हाला वाचता येणार नाही. वचन मिळालेला माणूसच म्हणतोय की खलाशी लागतील! पुढे तो सगळ्यांना जेवायला लावतो, अंगात ताकद हवी म्हणून, आणि भाकर घेऊन सर्वांदेखत देवाचे आभार मानतो. शेवटी कोणी पोहत, कोणी फळ्यांवर किनाऱ्याला लागतात. देवाचं वचन पुरं झालं ते खलाशी, जेवण आणि फळ्या यांच्यातून. तुमच्या भावाचं बोलावणं खरं असेल तर त्यातही फळ्या असतील: कर्जाची सोय, आईची सोय, बाळंतपण. त्या बघणं म्हणजे देहाचा विचार नाही.

जेलरोडकर ताई

सातपूरवाले दादा, एक बाई म्हणून सांगते, वहिनीशी आधी बोला, तेही तुमच्या बायकोला सोबत घेऊन. सेवेच्या निर्णयात घरच्या बाईला शेवटी कळवायची आपल्याकडे वाईट सवय आहे. भाऊ चिडला तरी त्याच्यासाठी प्रार्थना थांबवू नका, आणि त्याच्याबरोबर बसून प्रार्थना करा. आपण वाद घालतो, बरोबर गुडघे टेकत नाही. तुम्ही 'देवा, याचं बोलावणं खरं असेल तर मला ते पटव' असं त्याच्यासमोर म्हणू शकलात तर तोही 'माझं चुकत असेल तर दाखव' म्हणेल अशी आशा आहे.

निफाडचा बागायतदार

सहा महिने बिनपगारी रजा मिळते का बघा. मिळाली तर तेवढ्यात कळेल. रोपसुद्धा आपण एकदम सगळ्या रानात लावत नाही.

सातपूर_एमआयडीसी

सगळ्यांचे आभार. रजेचं सुचलंच नव्हतं. रविवारी त्याच्या घरी जातोय, सोबत मंडळी पण येणार आहे. (बायकोला म्हणतोय, चर्चला नाही.)

ओझर_टाऊनशिप

जेलरोडकर ताईंचं दावीदाचं उदाहरण डोक्यातून जात नाही. आधी बजेट असं मी लिहिलं होतं. आता असं म्हणेन की बजेट मांडा, पण पेन्सिलने.

गंगापूररोडकर, अभ्यासिकेचं पुढे काय झालं?

गंगापूररोडकर

काल संध्याकाळी दोन्ही बाजू एकत्र बसलो. हा धागा काही जणांनी वाचला होता, त्यामुळे आवाज जरा खाली होते.

ठरलं ते असं. खर्चाचा कागद तयार करून टेबलावर ठेवायचा आणि त्याच्यावरच प्रार्थना करायची, एकेक ओळ घेऊन. काल सुरुवात केली. विजेच्या ओळीवर आलो तेव्हा आमच्यातल्या एका आजींनी प्रार्थनेत म्हटलं, प्रभू, मुली रात्री घरी कशा जातील? ही ओळ आमच्या कागदावर नव्हतीच! खुर्च्या, पंखे, अग्निशामक, लाइटबिल सगळं होतं, मुलींचं घरी जाणं नव्हतं. प्रार्थना थांबवून तिथेच चर्चा झाली. आता मुलींसाठी वेळ रात्री साडेआठपर्यंत, आणि त्यानंतर बसायचं असेल तर घरचं माणूस न्यायला येईल असं पालकांकडून लिहून घ्यायचं. ताई, तुमचा प्रश्न होता ना, प्रार्थनेने बेत बदलतो का? बदलला.

अभ्यासिका सर्व धर्मांच्या मुलांसाठी खुली, तिथे अभ्यासच होईल, हे फलकावर स्पष्ट लिहायचं ठरलं. विश्वस्तांना अर्ज या आठवड्यात जाईल. मागायचं की नाही यावर अजून एकमत नाही. तूर्त मंडळीत रविवारी गरज एकदा सांगायची, पाठपुरावा करायचा नाही, आणि आलेल्या प्रत्येक रुपयाची पावती द्यायची. कर्ज नाही. पैसे येतील तेवढीच टेबलं. दोन्ही बाजूंना हे थोडं थोडं टोचतंय, पण चालेल.

अडचण एकच उरली आहे: रात्री कुलूप लावायला रोज येईल असं माणूस. तरुण संघातली पोरं आठवडाभर उत्साहाने येतील, मग परीक्षा, मग लग्नं. नहेम्याने फाटकांवर द्वारपाळ नेमले होते, ते आता समजतंय.

शरणपूरचा जुना

मी निवृत्त आहे. घर चालत दहा मिनिटांवर. कोणत्या दिवशी किल्ली घ्यायला येऊ ते कळवा. गुरुवारी मात्र डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं असतं, त्या दिवशी दुसरं कोणी बघा.

रात्रपाळी

गुरुवार माझी सुट्टी असते. माझं नाव लिहा. प्रथमोपचाराची पेटीही मी भरून देते.